रानडुकरांना भिवविणारा यांत्रिक लांडगा

मका कणसात आला, भुईमूग भरला, की रात्री रानडुकरांचा कळप शिरतो आणि चार महिन्यांची मेहनत एका रात्रीत मातीला मिळते. हे दुखणे जपानच्या शेतकऱ्यालाही आहे. तिथे त्यावर यांत्रिक लांडगा काढला आहे. अंगावर केसाळ कातडे, डोळ्यांत लाल दिवे. जनावर जवळ आले की यंत्राला चाहूल लागते, मान इकडेतिकडे फिरते आणि गुरगुरण्याचे, माणसाच्या ओरडण्याचे, बंदुकीच्या बाराचे आवाज निघतात. २०२० साली होक्काइडो बेटावरील ताकिकावा शहरात अस्वलांसाठीही असे लांडगे बसविले.

तुम्ही म्हणाल, साहेब, हे आम्हाला कुठले परवडायचे? खरे आहे. पण त्यातले मर्म घ्या. जनावर बुजते ते नव्याला. तेच सोंग, तोच आवाज रोजचा झाला की त्याची भीड चेपते. म्हणून त्या लांडग्याचे आवाज बदलते ठेवले आहेत. आपले बुजगावणे मात्र पेरणीपासून काढणीपर्यंत एकाच जागी उभे! ते पीक भरात येईल तेव्हाच उभे करा. दर दोन-तीन दिवसांनी जागा हलवा, कपडे बदला, वाऱ्याने वाजेल असा पत्र्याचा डबा टांगा. राखण मात्र सोडू नका.

एक कळकळीची विनंती. कुंपणात विजेच्या तारेचा प्रवाह सोडू नका. डुक्कर मरो न मरो, शेजारचा माणूस नाहीतर आपलेच पोर जाते. नुकसान झालेच, तर ताबडतोब वनरक्षकाला कळवून पंचनामा करून घ्या.