जामीन कोण राहणार?

धर्मगुरू, पाळकगण, सिस्टर्स आणि कारागृह सेवेतल्या माझ्या बंधुभगिनींनो,

आपण तुरुंगात जातो, प्रार्थना घेतो, गीतं गातो, नाताळात बंद्यांसोबत बसून चार घास खातो. यातलं काहीही मी कमी लेखत नाही. पण माणूस सुटतो त्या दिवशी आपल्यापैकी कोणी तिथे असतं का? मला आज त्या दिवसाबद्दल आणि त्यापुढच्या वर्षाबद्दलच बोलायचं आहे.

सुटका बहुतेकदा दिवस कलल्यावर होते. बराकीत नाव पुकारलं जातं, झडती होते, जमा असलेलं खाजगी सामान हातात पडतं. त्यात कधीचा बंद पडलेला मोबाइल, कमरेला न बसणारी पँट, आणि एखादा पत्ता, जिथे आता दुसरंच कुटुंब राहतं. घरचं कोणी आलेलं नसलं की माणूस समोरच्या चहाच्या टपरीशी उभा राहतो. अशा वेळी जुन्या टोळीतला साथीदार हमखास उगवतो. त्याच्याकडे मोटारसायकल असते, जेवणाचे पैसे असतात, रात्रीपुरती खोली असते. तो येण्याआधी आपला माणूस तिथे पोचला पाहिजे.

नव्या करारातलं फिलेमोनाला लिहिलेलं पत्र जेमतेम 25 वचनांचं आहे. पौल स्वतः बंदिवासात. तिथे त्याला अनेसिम भेटला, फिलेमोनाचाच दास, मालकापासून दूर गेलेला. त्याला परत पाठवताना पौल नुसता आशीर्वाद देत नाही. याचं काही देणं असेल तर ते माझ्या खात्यावर मांड, मी फेडीन, असं तो स्वतःच्या हाताने लिहून देतो. या पत्रावर क्षमेची प्रवचनं आपण पुष्कळ ऐकली आहेत. मला मात्र ते दर वेळी जामीनपत्रासारखं वाटतं.

आणि आपल्याकडे नेमकी गरज त्याचीच आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालाप्रमाणे 2022 च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत 5 लाख 73 हजारांवर बंदी होते, आणि चारांतले तीन न्यायाधीन. म्हणजे त्यांच्यावरचा गुन्हा शाबित व्हायचा होता. यांतल्या कित्येकांना जामीन मंजूर होतो, पण जामीनदार मिळत नाही. जामीन मिळूनही सात दिवसांत सुटका झाली नाही, तर कारागृह अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावं, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने 31 जानेवारी 2023 रोजी दिला. चांगलं झालं. पण सातबारा, घरपट्टीची पावती, ऐपतीचा दाखला घेऊन कोर्टात उभं राहायला शेवटी माणूसच लागतो. शिक्षा भोगून आलेल्याचंही तेच. खोलीमालक ओळख मागतो, वॉचमनच्या नोकरीलाही चारित्र्य पडताळणी लागते. कोणीतरी म्हणावं लागतं, याला मी ओळखतो.

सिस्टर राणी मारिया यांची गोष्ट आपण सगळे सांगतो. 25 फेब्रुवारी 1995 रोजी मध्य प्रदेशात उदयनगरजवळ त्यांना बसमधून ओढून मारलं गेलं. पुढे त्यांची बहीण सिस्टर सेल्मी पॉल यांनी तुरुंगात जाऊन मारेकऱ्याला राखी बांधली. ती राखी आपल्या लक्षात राहिली. पण त्या कुटुंबाने एवढ्यावर हात आखडला नाही. त्याच्या सुटकेसाठी त्यांनी लेखी संमती दिली, 2006 मध्ये तो बाहेर आला, आणि नंतर केरळात त्यांच्या घरी गेला तेव्हा आईवडिलांनी त्याला आत घेतलं. त्याने धर्म बदलावा अशी अट कोणी घातली नव्हती. आपणही ती घालता कामा नये, मनातल्या मनातसुद्धा नाही. गरजेच्या क्षणी घातलेली अट ही जबरदस्तीच.

हे काम मोठ्या संस्थेशिवाय होत नाही, असं मला वारंवार ऐकवलं जातं. मला ते पटत नाही. प्रिझन मिनिस्ट्री इंडियाची सुरुवात 1981 मध्ये कोट्टायमला धर्मगुरूपदाचं शिक्षण घेणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी केली, फ्रान्सिस कोडियन आणि वर्गीस करिप्पेरी यांनी. सुटलेल्यांना राहायला घर हवं, हे त्या चळवळीने लवकरच ओळखलं. माणसाला घर आणि कुटुंब लागतं, याचं उदाहरण आपल्या मातीतही आहे. आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरला औंध संस्थानाने 1939 मध्ये खुली वसाहत उभारली. शांतारामबापूंच्या ‘दो आँखें बारह हाथ’ या चित्रपटामागची प्रेरणा तीच. त्या वसाहतीत कैदी बायकामुलांसह राहून शेती करू लागले. कुटुंब जवळ असलं की पळून जायची इच्छाच उरत नाही, हे औंधकरांना तेव्हा कळलं होतं.

ज्यांच्यावर गुन्हा घडला त्यांनाही आपण विसरता कामा नये. सुटलेला माणूस त्याच गावात परततो तेव्हा तिथे कोणाच्या तरी घरात जखम अजून ओली असते. आधी त्या घरी जा, त्यांचं ऐकून घ्या, मगच याच्यासाठी शब्द टाका.

आता थेट मागणी. प्रत्येक मंडळीने, प्रत्येक धर्मग्रामाने एक वही घालावी. जामीन राहायला कोण तयार आहे, कोणाकडे रिकामी खोली आहे, कोणाच्या वर्कशॉपमध्ये हाताला काम मिळेल, हे तीत नावानिशी लिहावं. जामीनदाराला जोखीम असते, आरोपी फरार झाला तर रक्कम भरावी लागते. म्हणून एकट्याने नको, चार-पाच कुटुंबांनी मिळून ती उचलावी आणि आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या वकिलांशी बोलावं. परिषदेच्या दुपारच्या सत्रात ते वकील आपल्यामध्ये आहेत. त्यांना प्रश्न विचारा, आणि आपापल्या मंडळीतली पहिली दोन नावं आजच कार्यवाहांकडे देऊन जा.