परक्या नगरीतील पहिला प्रहर

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



 ‘काटकसरीचा परदेश प्रवास’ असा विषय कार्यकारी मंडळाने आम्हांस नेमून दिला आहे. विषय विस्तीर्ण आणि वेळ अर्ध्या तासाचा. म्हणून त्यातील एकच भाग आम्ही घेणार आहोत. परक्या नगरीत पाऊल ठेवल्यापासून मुक्कामाच्या खोलीचे दार उघडेपर्यंत जे पाच-सात तास जातात, तेवढ्यांविषयीच आज बोलू.

हाच भाग का, असे कोणी विचारील. आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे अलीकडे समुद्रापलीकडे जाऊ लागली आहेत. ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु परत आलेल्यांच्या तोंडून आम्ही ज्या तक्रारी ऐकतो, त्यांतील बहुतेक ह्या पहिल्या प्रहरातीलच असतात. रात्रभराचे जागरण, अनोळखी लिपी, अनोळखी नाणे, हाती सामान आणि कडेवर पेंगुळलेले मूल, अशा स्थितीत मनुष्य मागेल त्याला मागेल तेवढे पैसे देतो आणि वर घरच्या माणसांवर चिडतो. वर्षभर साठविलेल्या पैशाचा आणि घरातील गोडीचा, दोहोंचा नाश तेथूनच सुरू होतो. ज्याचा ताणा सरळ लागला नाही त्याचे वस्त्र पुढे कितीही जपून विणले तरी वाकडेच निघणार, हे विणकराच्या पोरास शिकवावे लागत नाही.

आम्ही २०२५ च्या मे महिन्याच्या अखेरीस सहकुटुंब बँकॉक नगरीस गेलो होतो. आम्ही उभयता, चिरंजीव, सूनबाई, पंधरा वर्षांची नात आणि नऊ वर्षांचा नातू अशी सहा माणसे होतो. प्रवासासाठी एक पैचेही कर्ज काढावयाचे नाही, हे आधी ठरले. दोन वर्षे दरमहा थोडी रक्कम बाजूस टाकली आणि ती पुरेशी झाल्यावरच तिकिटे काढली.

प्रथम कागदपत्रांविषयी. थायलंड सरकारने जुलै २०२४ पासून भारतीय प्रवाशांस साठ दिवसांपर्यंत प्रवेशपत्राची, म्हणजे व्हिसाची, अट माफ केली होती; आम्ही त्या सवलतीचा लाभ घेतला. असे नियम वरचेवर बदलतात, तेव्हा तिकीट काढण्यापूर्वी त्या देशाच्या वकिलातीकडून ताजी माहिती घ्यावी. दुसरे असे की, १ मे २०२५ पासून तेथे उतरणाऱ्या प्रत्येक परदेशी प्रवाशास आगमनाचा तक्ता संगणकावर भरून द्यावा लागतो. उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत तो भरावयाचा असतो आणि सरकारी ठिकाणी त्यास एक पैसाही पडत नाही. तथापि सरकारी ठिकाणासारखेच रूप घेऊन पैसे उकळणारी बनावट ठिकाणे पुष्कळ आहेत. आमच्या सूनबाईंनी सहाही तक्ते घरी बसून भरले आणि त्यांच्या कागदी प्रती ज्याच्या त्याच्या पारपत्रात ठेवल्या.

‘ज्याच्या त्याच्या’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरला. आपल्याकडे घरातील सर्वांची पारपत्रे आणि सर्व पैसा एका कर्त्या पुरुषाच्या पिशवीत ठेवण्याची रीत आहे. ती पिशवी हरवली, अथवा तो कर्ता पुरुषच दृष्टीआड झाला, तर उरलेल्यांनी काय करावे? म्हणून आमच्या घरी निघण्यापूर्वीच तीन गोष्टी ठरल्या. मोठ्यांनी आपले पारपत्र आपल्याजवळ बाळगावे. मुलांसह प्रत्येकाच्या खिशात शंभर बाथची एक नोट आणि मुक्कामाचे नाव, पत्ता व दूरध्वनी क्रमांक थाई लिपीत लिहिलेली एक चिठ्ठी असावी. आणि ताटातूट झालीच, तर जो मागे राहिला त्याने जागेवरून हलू नये. पुढे गेलेल्यांनी परत यावे. नातवाकडून हा शेवटचा नियम आम्ही पाढ्यांसारखा म्हणवून घेतला होता.

विमान पहाटे पोहोचले. तेथील घड्याळ आपल्यापुढे दीड तास आहे. विमानतळाचे नाव सुवर्णभूमी. लिहिताना सुवर्णभूमी, परंतु थाई मनुष्य त्याचा उच्चार ‘सुवन्नफूम’ असा करतो. हा विमानतळ सप्टेंबर २००६ मध्ये खुला झाला. त्याचे नाव राजे भूमिबल ह्यांनी दिलेले आहे. चौतीस वर्षे भाषा आणि भूगोल शिकविलेल्या मनुष्यास त्या नगरीत पावलोपावली जुन्या ओळखी भेटतात. बँकेस ते ‘थनाखान’ म्हणतात, तो आपला धनागार. शिक्षकास ‘ख्रू’ म्हणतात, तो आपला गुरू. शाकाहारास ‘मांगसविरत’ म्हणतात, त्यात मांस आणि विरत हे दोन्ही शब्द स्पष्ट दिसतात. नगरीचे खरे नाव ‘क्रुंग थेप’, म्हणजे देवांची नगरी. १७८२ साली पहिल्या राम राजाने ती राजधानी केली, आणि तिच्या लांबलचक बिरुदावलीत, ही नगरी इंद्राने दिली व विश्वकर्म्याने बांधली, असे म्हटले आहे.

आता पैशाचा हिशेब. त्या वेळी एक बाथ म्हणजे आपले अडीच रुपयांहून थोडे अधिक. सामान घेऊन बाहेर येताच पैसे बदलून देणाऱ्या पेढ्या उजळून बसलेल्या असतात. थकलेला प्रवासी तेथेच पाकीट उघडतो. त्याच इमारतीच्या तळघरात, रेल्वेच्या दारापाशी, ज्या पेढ्या आहेत त्यांचा भाव पुष्कळ चांगला असतो. दोन जिने उतरण्याचा हा मोबदला आहे.

नगरीत जाण्याचे मार्ग दोन. पहिला भाड्याच्या मोटारीचा. तिच्यासाठी खालच्या मजल्यावरील यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यावी आणि भाडे मीटरप्रमाणेच द्यावे. विमानतळाचा अधिभार आणि रस्त्यावरील पथकर निराळे पडतात. आत येऊन ‘चला साहेब’ म्हणून सामानास हात घालणाऱ्याच्या मागे जाऊ नये. दुसरा मार्ग २०१० साली सुरू झालेल्या विमानतळ रेल्वेचा. ती तळघरातून निघते आणि अर्ध्या तासात फया थाई स्थानकास पोहोचविते. तेथपर्यंतचे भाडे माणशी ४५ बाथ; सहा जणांचे २७०, म्हणजे सुमारे सातशे रुपये. येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. तीन-चार माणसे असतील तर मोटारीचा आणि रेल्वेचा खर्च फारसा दूर राहत नाही. साध्या मोटारीत सामानासह सहा माणसे मावत नाहीत, दोन कराव्या लागतात. म्हणून आम्हांस रेल्वे स्वस्त पडली. काटकसर म्हणजे नेहमी सर्वांत हलकी वस्तू घेणे, असे नव्हे. आपल्या माणसांचा आणि बोचक्यांचा हिशेब आधी मांडून मग निवड करणे, ही काटकसर.

फया थाई येथे उतरून उंचावरून धावणाऱ्या नागरी रेल्वेने एकच स्थानक पुढे जावयाचे होते. त्या स्थानकाचे नाव राचथेवी, म्हणजे राजदेवी. वेळ सकाळी सव्वाआठची, कचेऱ्यांत जाणाऱ्यांची गर्दी उसळलेली. आम्ही, चिरंजीव, सूनबाई आणि नात सामानासह आत शिरलो, आणि दारे मिटली. आमची सौभाग्यवती आणि नातू फलाटावरच राहिले. काचेपलीकडे नातवाचा चेहरा एक क्षण दिसला आणि गाडी निघाली.

बंधुभगिनींनो, त्या दोन मिनिटांत मनाची जी अवस्था होते तिचे वर्णन आम्ही करीत नाही. आमच्या कुटुंबास मराठीखेरीज अन्य भाषा येत नाही. पुढच्या स्थानकावर उतरताच चिरंजीव समोरच्या फलाटावरून उलट गाडीने परत गेले. पाऊण तास गेला असे आम्हांस वाटले. नातीने घड्याळ पाहून बारा मिनिटे झाल्याचे सांगितले. तेवढ्यात पुढच्या एका गाडीतून तिघेही उतरले. घडले होते ते असे : नातवाने आजीचा पदर धरला आणि ‘आजी, हलायचं नाही’ एवढेच बजावले. तिने खिशातील चिठ्ठी काढून फलाटावरील रक्षकास दाखविली. त्याने ती वाचून बोटाने पुढचे स्थानक दाखविले आणि गाडीत बसवून देतो असे खुणेने सुचविले. तिने मान हलवून नकार दिला आणि हाताने ‘माणूस येणार आहे’ असे सांगितले. तो रक्षक चिरंजीव येईपर्यंत त्या दोघांजवळ उभा राहिला. ती आम्हांस म्हणाली, “एवढं काय तोंड उतरवून बसलात? वारीत ह्याच्या दसपट गर्दी असते.” त्या दिवसापासून घरातील निम्मा पैसा तिच्याजवळ असतो.

मुक्कामाच्या जागी पोहोचलो तेव्हा साडेनऊ वाजले होते, आणि खोल्या दुपारी दोनला मिळावयाच्या होत्या. ही अडचण सर्वत्र येते. वेळेपूर्वी खोली मागावी तर बहुधा अधिक पैसे पडतात. आम्ही सामान तेथेच विनामूल्य ठेवले, तोंडे धुतली, घरून नेलेल्या दशम्या आणि चटणी खाल्ली. शाकाहारी मंडळींनी पहिल्या दिवसाची शिदोरी बरोबर न्यावीच. तेथील साध्या भाजीतही माशांचे पाणी असते. पुढे मात्र पिवळ्या पताकेवर तांबड्या रंगात ‘जे’ हे थाई अक्षर दिसले की ते अन्न निर्धास्त खावे. त्यात मांस, मासळी, अंडे तर नसतेच, कांदा-लसूणही नसतो.

मधल्या चार तासांत पायी जाण्याजोगे काय, तर सेन सेप नावाचा कालवा. तो १८३७ ते १८४० ह्या काळात खणलेला आहे आणि आजही त्यातून उतारूंच्या नावा धावतात. त्याच्या काठी बान ख्रुआ नावाची वस्ती आहे. तेथील चाम मुसलमान लोक मूळचे कंबोडियाकडून आलेले, पिढीजात रेशीम विणणारे. जिम टॉम्सन नामक अमेरिकनाने दुसऱ्या महायुद्धानंतर थाई रेशमास जगाच्या बाजारात नेले, ते ह्याच वस्तीतील विणकरांच्या हातांवर. कालव्याच्या पैलतीरी त्याचे घर आहे. तो १९६७ साली मलेशियातील डोंगरात फिरावयास गेला तो पुन्हा कोणास दिसला नाही. आता त्या वस्तीत विणणारी घरे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकीच उरली आहेत.

अरुंद बोळातून जाताना आवाज कानी आला. तो आवाज आपणांस सांगावयास नको. एका घरात हातमाग चालू होता. आम्ही दाराशी उभे राहिलो. विणणाऱ्या वृद्धाने हसून आत बोलाविले. सौभाग्यवती मागापाशी जाऊन बसली, तुटलेला एक धागा तिने बोटांनी चिमटून जोडला, तेव्हा त्या गृहस्थाने हात थांबवून तिच्याकडे पाहिले आणि दोघेही हसली. भाषेची गरज पडली नाही. नातीने आम्हांस विचारले, “आजोबा, आपल्या घरी असाच माग होता?” आम्ही ‘होय’ म्हणालो. आमच्या वडिलांचा माग १९७२ च्या दुष्काळानंतर मोडला. त्याची एक फळी अजून माळ्यावर आहे. आपल्या कुळाचा उद्योग काय होता हे त्या मुलीस प्रथम दिसले ते परक्या नगरीत.

ह्यावरून आमची मंडळास दोन विनंत्या आहेत. पहिली, परदेशी जाणाऱ्या कुटुंबांसाठी वर्षातून एक दिवस मार्गदर्शनाचा ठेवावा आणि त्यात भगिनींना आग्रहाने बोलवावे. तक्ता भरणे, चिठ्ठी करणे, पैसे बदलणे ह्या गोष्टी त्यांच्या हातून करवून घ्याव्यात. दुसरी, आपल्या सभागृहात एक चालू हातमाग बसवावा. मुलांना तो पाहण्यासाठी समुद्र ओलांडावा लागू नये.