पाटी लिहिली, पण वाचायची कोणी?

वरवट बकालच्या बचत गटांकडून आम्ही बोलतोय.

आमच्या भागातल्या एका हातपंपाजवळ पाटी होती, ‘सदर हातपंपाचे पाणी पिण्यास अयोग्य आहे.’ नळाला पाणी नसलं की गटातल्या एक आजी तिथूनच गुंड भरून न्यायच्या. मागच्या उन्हाळ्यात आम्ही विचारलं, “आजी, पाटी नाही का पाहिली?” त्या म्हणाल्या, “पायली ना माय. मले वाटलं, पंप कोनं देला त्याचं नाव असंन.”

आम्ही हसलो आणि मग गप्प झालो. पाटी म्हणजे नाव आणि तारीख, हेच त्यांनी जन्मभर पाहिलं. चौथीपर्यंत शिकलेल्या दोघींनाही ‘सदर’ आणि ‘अयोग्य’ म्हणजे काय ते सांगावं लागलं.

गटातल्या एका ताईंचा मुलगा सिंगापूरला बांधकामावर आहे. दिवाळीत आला तेव्हा त्यानं मोबाइलमधले फोटो दाखवले. तिथं धोक्याची पाटी इंग्रजी, चिनी, मलय आणि तमिळ अशा चार भाषांत असते, कारण तिथल्या सरकारी भाषाच चार आहेत. बाजूला चित्र. “मराठी कुठं हाय?” त्याच्या आईनं विचारलं. तो म्हणाला, “मी चित्र पाहतो.”

टोकियोच्या मेट्रोत २००८ साली पोस्टर लागलं होतं. डब्यात मेकअप करणाऱ्या बाईचं साधं चित्र आणि वाक्य, ‘हे घरी करा.’ आपल्याकडं ‘येथे थुंकू नये’ याच्या खालीच पिचकाऱ्या!

पण आमच्या कामी आला तो बांगलादेश. तिथं हातपंपांच्या पाण्यात आर्सेनिक म्हणजे सोमल निघालं. मग लाखो हातपंप तपासून त्यांना रंग दिले. लाल असला तर प्यायचं नाही, हिरवा असला तर चालतं. अक्षर वाचायची गरजच नाही.

आम्हीही लाल रंगाचा डबा आणला. तिथंच वाद झाला. एक सूनबाई म्हणाल्या, “लाल तर कुंकवाचा रंग, लोक पूजा करतील पंपाची.” खरंच होतं ते. म्हणून पंपाच्या दांड्याला लाल रंग दिला आणि मागच्या भिंतीवर ओठाला लावलेला पेला काढून त्यावर मोठी फुली मारली. शेजारी भांडी आणि धुणं काढलं, त्यावर फुली नाही. चित्र आठवीतल्या पोरीनं काढलं. पेला जरा वाकडा आहे, पण कळतो.

एक गोष्ट चित्रात बसली नाही, ती इथं सांगतो. आपला हा पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. पाणी उकळलं, फडक्यानं गाळलं, तुरटी फिरवली, तरी त्यातले क्षार जात नाहीत. किडनीचे पेशंट आपल्या तालुक्यात किती घरांत आहेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणून पाणी तपासल्याशिवाय पिऊ नका. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातल्या ५ महिलांना किटनं पाणी तपासायला शिकवायचं ठरलेलं आहे. तुमच्या गावातल्या त्या पाच जणी कोण, हे ग्रामपंचायतीत विचारा. नावं नसली तर तुमच्या गटातली द्या.

आजी आता दुसऱ्या गल्लीतून पाणी आणतात. लांब पडतं म्हणून आम्हाला रोज बोलतात.