शाळेस भिणारे मूल आणि आपण

(मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात जालना येथे केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपल्यासमोर पार पडला. अशा मंगल प्रसंगी शिक्षणाविषयी चार शब्द बोलावेत अशी चिटणीसांनी आम्हास आज्ञा केली. आम्ही मॅट्रिक होऊन प्राथमिक शिक्षकाचा पेशा पत्करलेले गृहस्थ. विद्वत्तेचा आव आणणे आम्हास शोभणार नाही. १ मे १९८१ रोजी आपला जालना जिल्हा अस्तित्वात आला, आणि पुढल्याच वर्षी आम्ही हाती खडू धरला. तो २०१८ साली खाली ठेवला. ज्या मुलांचे सत्कार होतात त्यांच्याविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. आम्ही आज त्या मुलाविषयी बोलणार आहोत, ज्यास शाळेचे फाटक दृष्टीस पडताच ओकारी होते. कारण तसे एक मूल आमच्याच घरात आहे.

आमचा नातू सात वर्षांचा असून इयत्ता दुसरीत आहे. परभणीहून मनमाडपर्यंतची सर्व रेल्वे स्थानके तो अनुक्रमाने, एकही न चुकता सांगतो. अंक त्यास मुखोद्गत आहेत. परंतु रविवारची सायंकाळ झाली की त्याचे पोट दुखू लागते. सोमवारी सकाळी तो खाटेखाली जाऊन बसतो. गणवेश अंगावर चढविला की अंग ताठ करतो, रडतो, आणि हातांनी कान झाकून घेतो. दिवाळीच्या सुट्टीत मात्र त्याचे पोट एकदाही दुखले नाही. हे पाहून घरातील वडीलधारे म्हणाले, ‘हे सोंग आहे.’ खेदाची गोष्ट ही की, सर्वांआधी असे म्हणणारे आम्हीच होतो.

येथे एक जुनी गोष्ट सांगणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. नोकरीच्या आरंभीच्या वर्षांत एका खेड्यातील शाळेत आमच्या वर्गात एक मुलगा होता. तो कोणाशी फारसे बोलत नसे. चिंचोके एका रांगेत मांडीत बसे, आणि रांग कोणी मोडली तर किंचाळे. घंटा झाली की कान झाकी. पुढे तो शाळेत येईनासा झाला. त्या काळच्या रीतीप्रमाणे आम्ही चार दांडगी मुले पाठवून त्याची टांगाटोळी करून आणवीत असू, आणि वर दोन छड्या देत असू. गावकरी आमची ‘कडक मास्तर’ म्हणून वाहवा करीत. तिसरीत असता त्याची शाळा कायमची सुटली. पुढे अनेक वर्षांनी तो आम्हास शेळ्या राखताना दिसला. आम्हास पाहताच तो बांधापलीकडे निघून गेला. त्या वेळी आम्ही मनात म्हटले, ‘पोर मठ्ठ ते मठ्ठच राहिले.’ आमचा नातू कान झाकू लागला तेव्हा तो मुलगा आम्हास आठवला. आणि मठ्ठ कोण होते हे आम्हास उमगले.

असो. २०२५ च्या जून महिन्यात शाळा उघडल्यावर नातवाचे शाळेत जाणे जवळजवळ बंद पडले. आमची सून त्यास घेऊन एका बालरोगतज्ज्ञाकडे गेली. त्यांनी मुलास तपासले, पुष्कळ प्रश्न विचारले, आणि सांगितले की ही स्वमग्नता असू शकेल. परंतु निश्चित सांगण्यापूर्वी कानांची तपासणी करून घ्यावी आणि तज्ज्ञांकडून संपूर्ण मूल्यमापन व्हावे. त्यासाठी नाव नोंदवावयाचे होते. ही गोष्ट आप्तांत कळताच एक वडील आप्त घरी आले व म्हणाले, “गुरुजी, आधी पोरीचं लग्न उरकू द्या, मग कागद काढा. घरात असा कागद आहे म्हटल्यावर स्थळं यायची नाहीत.” आमच्या धाकट्या कन्येची बोलणी त्या वेळी चालू होती. आम्ही त्यांचे ऐकले. सहा महिने नाव नोंदविले नाही. अखेर एके रात्री सून आमच्यासमोर येऊन उभी राहिली व म्हणाली, “मामा, लग्नाची तारीख पुढं ढकलता येते, ह्याचं वय ढकलता येत नाही.” दुसऱ्या दिवशी चिरंजीवांनी नाव नोंदविले. मूल्यमापनाची तारीख मिळाली ती कित्येक महिन्यांनंतरची. त्यात आमच्या भित्रेपणाचे सहा महिने मिळवा, म्हणजे मुलाच्या आयुष्यातील केवढा काळ गेला याचा हिशेब आपणांस करता येईल.

आता स्वमग्नता म्हणजे काय, हे आम्ही जेवढे वाचले व तज्ज्ञांकडून ऐकले तेवढेच सांगतो. १९४३ साली अमेरिकेत लिओ कॅनर नामक वैद्याने अशा अकरा मुलांचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढील वर्षी व्हिएन्नात हान्स ॲस्परगर यांनी तशाच प्रकारच्या मुलांविषयी लिहिले. ही मुले इतरांत मिसळण्यात, मनातील गोष्ट सांगण्यात निराळी असतात. ठरलेल्या क्रमात बदल झालेला त्यांस सहन होत नाही. आवाज, वास, स्पर्श त्यांस आपल्याहून फार अधिक किंवा फार कमी जाणवतात. हा रोग नव्हे. मेंदूच्या घडणीतीलच हा फरक होय. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे शंभर-सव्वाशे मुलांमागे एक मूल असे असते. बुद्धी काहींची मंद असते, काहींची सामान्य, काहींची तीव्र. ही स्थिती समूळ घालविणारे औषध नाही. तसे सांगणारा जो कोणी भेटेल त्याच्या हाती पैसा देऊ नये.

कॅनर यांच्यानंतर पुष्कळ वर्षे पाश्चात्त्य देशांत असा समज होता की, आईच्या मायेत ओलावा नसल्यामुळे मूल असे होते. १९६४ साली बर्नार्ड रिमलँड या मानसशास्त्रज्ञाने, जो स्वतः अशा मुलाचा पिता होता, ग्रंथ लिहून या मताचे खंडन केले. ते मत तिकडे मागे पडले. आपल्या माजघरात मात्र ते अद्याप जिवंत आहे. ‘आईने मोबाईल दिला म्हणून’, ‘आईने लाडावले म्हणून’, ‘ग्रहणात बाहेर पडली म्हणून’ – हे आमच्या सुनेने किती वेळा ऐकले याची गणती नाही. यांपैकी एकही कारण खरे नव्हे. लसीमुळे असे होते ही वदंताही खोटी ठरलेली आहे. अनुवंशाचा यात वाटा आहे, हे मात्र सत्य होय व ते आम्ही लपवीत नाही. परंतु ही गोष्ट सर्व ज्ञातींत, सर्व देशांत आढळते. ज्या घरात ती उघडपणे बोलली जाते तेवढ्याच घरात ती असते असे समजणे म्हणजे डोळे मिटून दूध पिण्यासारखे आहे.

तथापि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. शाळेस भिणारे प्रत्येक मूल स्वमग्न नसते. एखाद्यास कमी ऐकू येते, एखाद्यास फळा दिसत नाही, एखाद्यास अक्षरांचा घोळ होतो, एखाद्यास मोठी मुले मधल्या सुट्टीत छळतात. आमच्या नातवाच्या बाबतीतही काय निष्पन्न होईल हे आज आम्ही सांगू शकत नाही. तारीख अजून तीन महिने दूर आहे. परंतु या प्रतीक्षेत आम्ही एक गोष्ट शिकलो, आणि तीच सांगण्यास येथे उभे आहोत: स्थितीला नाव मिळेपर्यंत थांबणे आपल्याला भाग असते, पण मुलाची भीती थांबत नाही, म्हणून तिच्यावरील उपाय नावाची वाट न पाहता आजच सुरू करावा.

तो उपाय आमच्या घरी कसा झाला ते सांगतो. आम्ही जन्मभर टाचणवही लिहिली. तशीच एक वही नातवासाठी घातली. कोणत्या दिवशी पोट दुखले, आदल्या रात्री झोप कशी झाली, शाळेत त्या दिवशी काय होते, हे सुनेने सांगावे व आम्ही लिहावे. तीन आठवड्यांनी वही वाचली तेव्हा असे दिसून आले की मुलास अभ्यासाचे भय मुळीच नाही. भय होते परिपाठाच्या ध्वनिक्षेपकाचे, खिचडीच्या वेळच्या गलक्याचे, आणि वर्गशिक्षिका रजेवर असता येणाऱ्या अनोळखी शिक्षकाचे. ही वही पुढेही उपयोगी पडणार आहे. कारण स्वमग्नता रक्त तपासून किंवा छायाचित्र काढून कळत नाही. तज्ज्ञ मुलाचे खेळणे-बोलणे पाहतात आणि त्याच्या अगदी लहानपणापासूनची हकीकत पालकांस विचारतात. त्यासाठी आपल्या देशात तयार केलेली चाळीस मुद्द्यांची एक मोजपट्टीही आहे. ज्याच्यापाशी लिहिलेले असते त्याचे उत्तर अचूक येते.

नंतर आम्ही मुख्याध्यापकांस भेटलो. सुदैवाने ते समंजस निघाले. नातवाने परिपाठ झाल्यावर यावे, किंवा कानटोपी घालून मागे उभे राहावे. दाराजवळच्या जागी बसावे. शिक्षिका रजेवर जाणार असतील तर आदल्या दिवशी सांगावे, एवढ्या तीन गोष्टी त्यांनी मान्य केल्या. यास एक पैसाही खर्च आला नाही.

भीती घालविण्याचा मार्ग पायऱ्यापायऱ्यांनी चढावा लागतो. ओढून नेले तर भय दुणावते. आणि ‘राहू द्या घरीच’ म्हटले तर दर दिवसागणिक शाळा अधिकच दूर जाते. म्हणून प्रथम शाळा सुटल्यावर सायंकाळी आजीबरोबर फाटकापर्यंत जाणे, मग रविवारी रिकाम्या वर्गात बसणे, मग एक तास, मग दोन तास, असा क्रम धरला. सुनेने एक युक्ती काढली. तिने पुठ्ठ्यावर गाडीचे वेळापत्रक लिहिले: घर, पिंपळ, फाटक, वर्ग, गणित, मराठी, घर. प्रत्येक ‘स्थानका’पुढे वेळ. पुढे काय येणार हे दिसू लागताच मुलाच्या मनाची अर्धी धास्ती ओसरली. आज तो मधल्या सुट्टीपर्यंत शाळेत थांबतो. हे ऐकून सर्व सुरळीत झाले असे मात्र कोणी समजू नये. संक्रांतीच्या सुट्टीनंतर पुन्हा दोन आठवडे तो फाटकावरूनच परत फिरला. तेव्हा आम्ही पुनश्च पहिल्या पायरीपासून आरंभ केला.

कायद्याचा आधारही पालकांस ठाऊक असावा. सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्यात शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई आहे. आमच्या छड्या आज गुन्हा ठरल्या असत्या, आणि ते योग्यच आहे. २०१६ च्या दिव्यांगजन हक्क कायद्यात एकवीस प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखाली अंगणवाडीत व शाळेत येणाऱ्या पथकांकडून मुलांची तपासणी होते. त्यांच्यापुढे मूल लपवू नये. समग्र शिक्षा योजनेतील विशेष शिक्षकांविषयी गटसाधन केंद्रात चौकशी करावी. शेजारी छत्रपती संभाजीनगरात अंबिका टाकळकर या मातेने स्वतःच्या स्वमग्न मुलासाठी जे शिकले ते इतरांच्याही मुलांस मिळावे म्हणून ‘आरंभ’ ही संस्था उभी केली. एक आई एवढे करू शकते, तर आपले मंडळ काहीच करू शकणार नाही काय?

कन्येच्या विवाहाविषयी आपण मनात विचारीत असाल. आम्ही पुढे आलेल्या स्थळास सर्व हकीकत आपण होऊन सांगितली. त्यांनी आठ दिवसांनी नकार कळविला. आम्ही त्यांस दोष देत नाही. दहा वर्षांपूर्वी आम्हीही तेच केले असते. कन्या म्हणाली, “बाबा, लग्नानंतर त्यांना कळलं असतं तर?” या प्रश्नास आमच्यापाशी उत्तर नव्हते. बोलणी अद्याप चालू आहेत, आणि याच सभागृहात बसलेल्या काही घरांशीही ती होतील. म्हणून उघड सांगतो: वधूवरांच्या टिपणात रंग, उंची व वेतन विचारणाऱ्या या समाजाने घरातील मुलास लपविण्याची पाळी कोणावर आणू नये.

मंडळापाशी आमचे मागणे थोडे आहे. मंठा, जाफराबाद, घनसावंगी, परतूर या तालुक्यांतून मूल घेऊन तपासणीस येणाऱ्या पालकांस रात्री उतरण्यासाठी मंडळाच्या कार्यालयातील एक खोली द्यावी. ज्ञातीत जे शिक्षक व डॉक्टर आहेत त्यांनी अशा पालकांबरोबर एकदा शाळेत जावे. एकट्या आईचे बोलणे कित्येकदा ऐकून घेतले जात नाही, हा अनुभव आहे. तिसरे मागणे सर्वांत लहान आहे. आज आमचा नातू या संमेलनास आलेला नाही. ध्वनिक्षेपक त्यास सोसत नाही. म्हणून तो व त्याची आई घरी राहिली आहेत, आणि दरवर्षीच्या पंगतीस ती मुकली आहेत. पुढील वर्षी या सभागृहाशेजारची एक खोली निवांत ठेवावी आणि तेथे चार पाने वाढावीत. एवढी व्यवस्था झाली तर आम्ही त्यास घेऊन येऊ, आणि आमच्या खात्रीप्रमाणे आणखी काही घरांतूनही आजवर कधी न आलेली मुले येतील.