उन्हाळ्यांतलें उघडें दार



बीडचा उन्हाळा म्हटला कीं आम्हांस कोरडी बिंदुसरा, अंगणांतल्या बाजा आणि रविवारची सकाळ आठवते. 1987 च्या जानेवारींत दूरदर्शनवर ‘रामायण’ सुरू झालें, 1988 च्या ऑक्टोबरांत ‘महाभारत’. मिस्सा आटोपतांच आम्ही धांवत सुटत असूं. शेजारच्या हिंदु कुटुंबाच्या घरीं आळींतला एकुलता एक दूरदर्शन-संच होता. चित्र हललें कीं कोणी गच्चीवर चढून अँटेना फिरवी आणि खालून सारे ओरडत, “आलें, आलें!”

उन्हाळ्यांत गर्दी वाढे. कारण ऊसतोडीस गेलेलीं माणसें कारखान्यांचा हंगाम संपवून याच दिवसांत घरीं परतत. त्यांचीं मुलेंहि आमच्याच रांगेंत बसत. तेथें कोणी कोणास जात वा धर्म विचारीत नसे.

2020 च्या टाळेबंदींत तेंच ‘रामायण’ पुन्हां लागलें. आम्हीं तें पाहिलें, परंतु घरचें दार लावून. पूर्वींची गोडी कांहीं लागली नाहीं. तेव्हां उमगलें कीं, गोडी त्या उघड्या दाराची होती.

आज पडदा प्रत्येकाच्या हातांत आहे, आणि ऊसतोडीचीं मुलें अद्याप उन्हाळ्यांतच परततात. त्यांच्यासाठीं आपलें एक दार उघडें राहो, हीच विनंति.