प्रहणन आणि मर्यादा
(शिरूर येथील वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)

परस्परांच्या संमतीने दंश, ताडन, बंधन यांतून रतिसुख घेणाऱ्या स्त्रीपुरुषांचा जो समुदाय आज ‘किंक’ या नावाने उघडपणे वावरतो, त्याची वंशावळ पुष्कळ जण फ्रान्सच्या मार्की द सादपासून मांडतात. परंतु ज्याच्या कथांतील बळींना नकाराचा अधिकारच नाही, त्याला या परंपरेचा मूळपुरुष ठरवणे मला अन्यायाचे वाटते. तिचे कूळ धुंडाळताना शिरूर-दौंडकरांना फार दूर जावे लागत नाही.

निघोजच्या रांजणखळग्यांतून वाहत आपल्या घोडनदीला मिळणारी कुकडी ज्या नाणेघाटाच्या परिसरात उगम पावते, तेथे सातवाहनांचे लेख कोरलेले आहेत. आणि त्याच कुळातील कुंतल शातकर्णीचे नाव वात्स्यायनाच्या कामसूत्रात येते ते एका दारुण अपघाताच्या निमित्ताने. नखक्षते आणि दंतक्षते आटोपून वात्स्यायन प्रहणनाकडे वळतो, प्रहाराची स्थाने, हाताची ठेवण, सोसणाऱ्याच्या मुखातून निघणारे ध्वनी यांची दप्तरदाराच्या काटेकोरपणाने नोंद करतो, आणि दाक्षिणात्यांत रूढ असलेल्या कीला, कर्तरी आदी उग्र प्रकारांपाशी येताच त्याचा स्वर पालटतो. चोळ राजाने कीलेने चित्रसेना गणिकेचा प्राण घेतला, शातकर्णीने कर्तरीने आपली महादेवी मलयवती हिला मारले, नरदेवाने विद्धा या तशाच प्रहाराच्या चुकीच्या प्रयोगाने एका नटीचा डोळा घालवला, असे दाखले देऊन तो हे घातक प्रकार, ते जेथे रूढ असतील तेथेही, वर्ज्य ठरवतो. भरधाव सुटलेल्या घोड्याला वाटेतला खांब वा खड्डा दिसत नाही, तशीच कामवेगाने अंध झालेल्यांची गत होते, म्हणून स्वतःचे बळ आणि स्त्रीची कोमलता आधी जाणून घ्यावी, हे त्याचे सांगणे, जेथे एके काळी घोडदळाची छावणी होती त्या या गावात तरी विशद करून सांगायला नको.

तथापि त्याच्या विवेचनात एक मोठे व्यंग आहे. ‘पुरे’, ‘सोड’ हे स्त्रीचे शब्द तो सीत्काराच्याच यादीत घालतो. त्यांतला खरा नकार कसा ओळखावा, याचा उलगडा करीत नाही. आजच्या किंक समुदायातले लोक आधीच एक परवलीचा शब्द ठरवून ठेवतात आणि तो उच्चारताच हात थांबतो. या रिवाजामागची करारबुद्धी मला प्रथम दिसते ती ऑस्ट्रियाच्या साम्राज्यातील लेखक झाखर-मासोख याच्या दस्तऐवजात. १८६९ साली त्याने फानी पिस्टोर हिला सहा महिन्यांचे दास्य रीतसर लिहून दिले, पण अप्रतिष्ठेचे काम तिने सांगू नये आणि रोज सहा तास त्याच्या लेखनाला मोकळे ठेवावेत, अशी कलमेही घातली. पुढच्याच वर्षी त्या अनुभवावरची त्याची कादंबरी निघाली. क्राफ्ट-एबिंग या मानसवैद्याने १८८६पासूनच्या आपल्या ग्रंथातून साद आणि मासोख यांची नावे विकृतींना चिकटवून दिली, आणि करारनामा मागे पडून रुग्णपत्रिका तेवढी लोकांच्या ध्यानात राहिली.

असे विषय रुग्णपत्रिकेबाहेर काढून मराठीत लैंगिक शंकांना निर्भय जागा दिली ती र. धों. कर्वे यांनी जुलै १९२७मध्ये काढलेल्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकाने. वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना छापून दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली अश्लीलतेचा खटला उभा राहिला, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांचे वकीलपत्र घेतले आणि लैंगिक विषयालाच वाहिलेल्या मासिकाने वाचकांच्या पृच्छेला उत्तर देणे हा गुन्हा कसा, हे न्यायासनापुढे मांडले. निकाल विरुद्ध गेला, कर्व्यांना दंड झाला. तरीही १९५३ साली मृत्यू येईपर्यंत त्यांनी मासिक चालवले.