गारा आणि छाटणी

ऐन फेब्रुवारीत गारा पडल्या, की निफाडच्या द्राक्षबागाइतदाराच्या तोंडचं पाणी पळतं. कर्ज तर तसंच उभं. एपिक्टेटस हा ग्रीक तत्त्वज्ञ, जन्मानं गुलाम, अशा वेळी विचारी: यातलं आपल्या हाती काय? गारा नाहीत, एप्रिलची खरड छाटणी आहे.

न्यायमूर्ती रानडे १८४२ साली याच निफाडात जन्मले. १८७९ साली, फडक्यांच्या बंडाच्या दिवसांत, सरकारनं संशयानं त्यांना धुळ्यास धाडलं. त्यांचं टपाल फोडलं जाई. रमाबाईंच्या आठवणींत हे सारं आहे. बंडाची म्हणून आलेली पत्रं रानड्यांनी स्वतःच पोलिसांकडे पाठवली आणि कोर्टाचं काम चालू ठेवलं. हे सोपं नसणार! पुढं संशय फिटला.

गारपीट झालेल्या शेजाऱ्याला मात्र हे लगेच ऐकवू नका. आधी त्याच्या बागेतल्या मोडक्या काड्या उचलू लागा.